शंभर छिद्रांची फळी आणि रिकाम्या कॅप्सूल : खेड्यातील दवाखान्यातून एक परीक्षण

हाताने कॅप्सूल भरण्याची शंभर छिद्रांची प्लास्टिकची फळी आणि तिच्यासाठी लागणारी रिकामी कवचे आता नागपूरच्या औषधांच्या घाऊक बाजारात सहज मिळू लागली आहेत. ती घ्यावीत का, असे खेड्यापाड्यांत व्यवसाय करणारे वैद्य एकमेकांना विचारत असतात. हिंगणघाटजवळच्या एका खेड्यात माझा आयुर्वेदाचा दवाखाना आहे. मागच्या उन्हाळ्याच्या तोंडाशी मी ही फळी घेतली आणि उन्हाळा, पावसाळा व हिवाळा अशा तिन्ही ऋतूंत ती वापरून पाहिली. तिचे आणि तिच्यासोबत वापरलेल्या दोन प्रकारच्या कवचांचे गुणदोष येथे मांडत आहे. उत्पादकांची नावे देत नाही, कारण बाजारातील बहुतेक फळ्या एकाच घडणीच्या आहेत आणि माझ्या अनुभवातील बऱ्याचशा अडचणी उत्पादकापेक्षा आपल्या हवेमुळे आलेल्या आहेत.

फळीकडे वळण्यापूर्वी कॅप्सूल या शब्दाकडे थोडे पाहणे उपयोगाचे आहे, कारण या वस्तूची पारख कोणत्या कसोटीवर करायची ते त्या शब्दातच आहे. आपल्याकडे कॅप्सूल म्हटले की दोन रंगांची गुळगुळीत गोळी आणि तिच्यातील जोरदार औषध असे चित्र उभे राहते, आणि साध्या गोळीपेक्षा कॅप्सूल ‘पॉवरफुल’ असते अशी समजूत गावोगाव पक्की आहे. मूळ लॅटिन शब्दात मात्र औषधाचा मागमूसही नाही. लॅटिनमध्ये ‘काप्सा’ म्हणजे डबा किंवा पेटी, आणि त्याला लघुत्वदर्शक प्रत्यय लागून झालेला ‘काप्सुला’ म्हणजे डबी. घेणे, धरणे, सामावून घेणे या अर्थाच्या ‘कापेरे’ या क्रियापदाशी त्याचे नाते जोडले जाते. रोमन लोकांची पुस्तके गुंडाळ्यांच्या स्वरूपात असत आणि त्या गुंडाळ्या उभ्या ठेवण्यासाठी ते झाकण असलेला गोल डबा वापरीत, तोच काप्सा. श्रीमंत घरातील मुलगा शाळेत जाताना त्याचा डबा घेऊन मागून चालणाऱ्या गुलामाला ‘काप्सारियुस’ म्हणत. सार्वजनिक स्नानगृहात लोकांचे कपडे सांभाळणाऱ्यालाही तेच नाव होते. आम्हा वैद्यांना विशेष वाटावे असे म्हणजे, रोमन सैन्यात जखमा बांधणाऱ्या माणसालाही मलमपट्टीच्या डब्यावरून काप्सारियुसच म्हणत असत. इसवी सनापूर्वी पहिल्या शतकातील कवी कातुल्लुस याने व्हेरोनाहून लिहिताना, आपल्या अनेक डब्यांपैकी एकच काप्सुला सोबत आली आहे, अशी सबब सांगितली आहे; तेथे त्याला पुस्तकांची डबी अभिप्रेत आहे.

या घराण्यातील बरेच शब्द आपल्या रोजच्या बोलण्यात आहेत. पैशाला म्हणतात तो ‘कॅश’ हा शब्द मुळात पैशाच्या पेटीचा आहे, चष्म्याची ‘केस’ त्याच काप्सापासून आली आहे, गाण्याची ‘कॅसेट’ म्हणजे इटालियन-फ्रेंच वळणाने आलेली लहान पेटीच, आणि ट्रॅक्टर दुरुस्त करणारा मिस्त्री ज्याला ‘चासी’ म्हणतो तो सांगाड्याचा शब्दही फ्रेंचमधून तिथपर्यंत जाऊन पोहोचतो. मिरचीच्या शास्त्रीय नावातील ‘कॅप्सिकम’ही काही अभ्यासक याच पेटीशी जोडतात, तर काही जण त्याचे मूळ चावण्याच्या अर्थाच्या ग्रीक क्रियापदात शोधतात, भिवापुरी मिरची खाल्लेला माणूस दुसऱ्या पक्षाला मत देईल. शरीररचनाशास्त्रात मूत्रपिंडावरील किंवा सांध्याभोवतीच्या आवरणाला कॅप्सूल म्हणतात, आणि वनस्पतीशास्त्रात वाळल्यावर आपोआप उकलणाऱ्या, आत अनेक बिया असलेल्या फळालाही कॅप्सूलच म्हणतात. त्या व्याख्येप्रमाणे कपाशीचे बोंड ही कॅप्सूल आहे, जवसाची बोंडी ही कॅप्सूल आहे आणि तिळाचीही. म्हणजे आमच्या भागातील शेतकरी कॅप्सूल गिळण्याच्या कितीतरी आधीपासून कॅप्सूलच वेचत आला आहे.

औषधाशी या शब्दाचा आजचा संबंध एकोणिसाव्या शतकात दृढ झाला. कोपायबा नावाच्या झाडाचा राळेसारखा चिकट बाल्सम त्या काळी युरोपात गुप्तरोगांवर देत असत. त्याची चव इतकी किळसवाणी होती की रोगी औषध सोडून देत. पॅरिसमधील मोथ आणि दुब्लांक या दोघांनी १८३४ मध्ये जिलेटिनच्या कवचात द्रव औषध भरून ते जिलेटिनच्याच थेंबाने बंद करण्याच्या रीतीचे पेटंट घेतले. पाऱ्याने भरलेली चामड्याची लहान पिशवी विरघळलेल्या जिलेटिनमध्ये बुडवून ते कवच तयार करीत, आणि पारा काढून घेतला की पिशवी आकसून कवच मोकळे होई. एकात एक सरकणाऱ्या दोन भागांच्या कॅप्सूलचे पेटंट १८४६ मध्ये ल्युबी या फ्रेंच गृहस्थाने घेतले. आपण आज जी कॅप्सूल हाताळतो तिची घडण अजून तीच आहे, म्हणजे एक लांब नळी आणि तिच्यावर बसणारे आखूड टोपण. कडू किंवा दुर्गंधी द्रव्य जिभेला न लागता पोटात पोहोचवणे, हाच या डबीचा मूळ उद्देश होता. औषधाचा जोर वाढवणे हा तिचा उद्देश कधीच नव्हता.

तेव्हा डबीची पारख डबीसारखीच करायला हवी. तिच्यात मावते किती, ती बंद नीट होते का, आतील वस्तू कोरडी ठेवते का, आणि उघडायच्या ठिकाणी व उघडायच्या वेळी उघडते का, एवढेच पाहायचे.

आता फळीविषयी. संचात नळ्यांची पाटी, टोपणांची पाटी, दोन्हींच्या मध्ये ठेवायची एक पातळ पाटी, कवचे छिद्रांत पाडण्यासाठी काठ असलेला साचा, चूर्ण पसरण्याची पट्टी आणि चूर्ण दाबण्यासाठी खुंट्या असलेला एक दाबपट्टा एवढे भाग असतात. नळ्या आणि टोपणे सुटी-सुटी घ्यावी लागतात. साचा नळ्यांच्या पाटीवर बसवून मूठभर नळ्या ओतायच्या आणि पाटी दोन्ही हातांत धरून हळू हेलकावे द्यायचे. नळीचे गोल टोक जड बाजूसारखे खाली जाते आणि बहुतेक नळ्या तोंड वर करून छिद्रात बसतात. काही उलट्या पडतात, त्या बोटाने काढून सरळ कराव्या लागतात. टोपणांचेही तसेच. नंतर चूर्ण ओतून पट्टीने पसरायचे, दाबपट्ट्याने दाबायचे, पुन्हा ओतायचे, आणि शेवटी टोपणांची पाटी मधल्या पाटीसह उलटी करून नळ्यांवर ठेवून एकसारखा दाब द्यायचा. हात बसल्यावर हे सारे वेगाने होते, आणि कंपाउंडर नसलेल्या दवाखान्यालाही ते जमण्यासारखे आहे.

पाट्यांचे प्लास्टिक जाड आहे व छिद्रांच्या कडा स्वच्छ कापलेल्या आहेत. दाबपट्ट्याच्या खुंट्या मात्र सगळ्या सारख्या उंचीच्या नाहीत, आणि माझ्या संचातील एका कोपऱ्यातील ओळ बरीच आखूड निघाली. त्यापेक्षा महत्त्वाचा दोष चूर्ण पसरण्यात आहे. पट्टी कितीही काळजीपूर्वक फिरवली तरी मधल्या छिद्रांत चूर्ण ठासून बसते आणि चारही कोपऱ्यांतील नळ्या पोकळ राहतात. सोनाराकडे असतो तसा लहान डिजिटल काटा घेऊन मी मधल्या आणि कोपऱ्यातील कॅप्सूल वेगवेगळ्या तोलून पाहिल्या, तेव्हा हा फरक उघड झाला. भारतीय औषधकोशाची कसोटी अशी आहे की वीस कॅप्सूलमधील द्रव्याचे वजन करून सरासरी काढावी. आतील द्रव्य ३०० मिलिग्रॅम किंवा अधिक असेल तर सरासरीपासून साडेसात टक्क्यांपर्यंतचा फरक चालतो, त्याहून कमी असेल तर दहा टक्क्यांपर्यंत, आणि ही मर्यादा ओलांडणाऱ्या कॅप्सूल दोनपेक्षा जास्त नसाव्यात. चूर्ण वस्त्रगाळ केलेले असेल, ते एकदम न ओतता तीन हप्त्यांत ओतले आणि दर वेळी कोपऱ्यांकडून मध्याकडे पसरले, तर या मर्यादेत राहता येते. जाडसर, तंतुमय चूर्ण, उदाहरणार्थ घरच्या मिक्सरवर काढलेली शतावरी, या फळीत चालत नाही. तंतू छिद्राच्या कडेवर आडवा पडतो आणि टोपण तिरके बसते.

कवचांच्या आकारांचे क्रमांक उलटे चालतात, हे प्रथमच घेणाऱ्याने लक्षात ठेवावे. पाच नंबरची कॅप्सूल सर्वांत लहान, मग चार, तीन, दोन, एक, शून्य अशी मोठी होत जाते, आणि शून्याच्याही पुढे ‘डबल झिरो’ व ‘ट्रिपल झिरो’ येतात. माणसांसाठी नेहमी लागते ती ‘झिरो’. तिच्या नळीत सुमारे ०.६८ मिलिलिटर जागा असते, एक नंबरमध्ये सुमारे अर्धा मिलिलिटर, डबल झिरोमध्ये ०.९५ च्या आसपास. आपली वनस्पतिजन्य चूर्णे हलकी असतात, त्यामुळे झिरोमध्ये दाबून भरले तरी साधारण साडेतीनशे ते साडेचारशे मिलिग्रॅम एवढेच मावते. फळी विशिष्ट आकाराचीच असते; झिरोच्या फळीवर दुसऱ्या आकाराचे कवच बसत नाही, हे दुकानदार आपण होऊन सांगत नाही.

या आकड्यांतून जो निष्कर्ष निघतो तो विक्रेत्यांच्या जाहिरातीत कुठेच आढळत नाही. त्रिफळा चूर्णाची नेहमीची मात्रा तीन ते सहा ग्रॅम आहे. तीन ग्रॅम धरली तरी झिरो आकाराच्या सात-आठ कॅप्सूल एका वेळी गिळाव्या लागतील. कोणता रोगी त्या गिळेल, आणि गिळल्याच तर त्याचे अर्धे पोट कवचांनीच भरेल. एक कॅप्सूल सकाळी आणि एक रात्री असे त्रिफळा देणारे वैद्य रोग्याला त्रिफळ्याचे समाधान देतात, त्रिफळा देत नाहीत. कॅप्सूल ज्यांच्यासाठी खरोखर सोयीची आहे ती द्रव्ये म्हणजे अल्प मात्रेत लागणारी आणि चवीने असह्य असणारी. कुटकी, काडेचिराईत आणि कडुनिंबाचे पान ही त्यांतील मुख्य. गुळवेल सत्त्वाला चवीची अडचण नसली तरी मात्रा अर्धा-एक ग्रॅम असल्याने तेही बसते. या द्रव्यांसाठी मला फळीचा उपयोग झाला. लहान मुलाला कुटकी चाटवताना होणारी झटापट वाचली असे म्हणता आले असते, पण लहान मुलाला कॅप्सूल गिळता येत नाही, म्हणून ती झटापट आहे तशीच आहे.

चवीचा प्रश्नही एवढ्यावर संपत नाही. आयुर्वेदात रस, म्हणजे चव, हा औषधाच्या कार्याचाच भाग मानला आहे. तिक्त रस जिभेवर पडल्यावर तोंडाला पाणी सुटते, अरुची जाते, आणि हे कार्य कवचात कोंडलेले चिराईत करू शकत नाही. हिंग्वाष्टक चूर्ण जेवणाच्या पहिल्या घासाला तुपात कालवून घ्यायचे असते. ते कॅप्सूलमध्ये भरून तासाभराने पाण्याबरोबर देणे म्हणजे हिंग्वाष्टकाचे नाव तेवढे शिल्लक ठेवणे होय. अग्निमांद्यासाठी चिराईताच्या कॅप्सूल देत असताना एक म्हातारे शेतकरी म्हणाले, “कडूच लागत नाही, तं मंग औषध कायचं वो बाई?” त्यांचा आक्षेप ग्रंथाला धरून होता. त्यांना मी पुन्हा पुडीच बांधून दिली.

आता कवचांकडे येते, कारण या खरेदीतील खरा प्रश्न तोच आहे. बाजारात दोन प्रकार मिळतात. पहिला जिलेटिनचा आणि दुसरा वनस्पतिजन्य सेल्युलोजचा, ज्याला दुकानदार ‘व्हेज कॅप्सूल’ किंवा ‘एचपीएमसी’ म्हणतात. जिलेटिन जनावरांची हाडे व कातडी यांपासून काढतात. एचपीएमसीचे सेल्युलोज लाकडाच्या लगद्यापासून किंवा सरकीला चिकटून राहिलेल्या आखूड तंतूंपासून मिळवून त्यावर रासायनिक प्रक्रिया करतात. माझ्या दुकानदाराकडे दुसऱ्याची किंमत पहिल्याच्या दुपटीहून अधिक पडते.

जिलेटिनच्या कवचात तेरा ते सोळा टक्के पाणी असते, आणि ते पाणीच त्याला लवचिक ठेवते. पाणी दहा टक्क्यांच्या खाली गेले की कवच काचेसारखे ठिसूळ होते, आणि फार वाढले की मऊ पडून एकमेकांना चिकटते. म्हणून ही कवचे १५ ते २५ अंश तापमानात आणि ३५ ते ६५ टक्के आर्द्रतेत ठेवावीत असे पाकिटावर लिहिलेले असते. वर्धा जिल्ह्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास असतो आणि दुपारच्या हवेत ओलावा नावालाही नसतो, हे त्या पाकिटाला ठाऊक नाही. वैशाखातील एका दुपारी भरलेल्या फळीवर टोपणांची पाटी दाबली तेव्हा वाळलेली तुरीची शेंग फुटावी तसा कडकड आवाज आला. पाटी उचलून पाहिले तर कित्येक नळ्यांच्या तोंडाला उभी चीर गेली होती, काहींची कड टोपणाच्या आत दुमडली होती आणि कुटकीचे तपकिरी चूर्ण मधल्या पाटीवर सांडले होते. त्याच पाकिटातील कवचे रात्रभर कूलर चालू असलेल्या खोलीत, सुती कापडावर पसरून ठेवली आणि पहाटे भरली, तेव्हा ती सहसा फुटली नाहीत. उन्हाळ्यात जिलेटिनच वापरायचे असेल तर भरण्याचे काम पहाटे आणि कूलरच्या खोलीत करावे. मात्र कवचे कूलरच्या थेट झोतात ठेवू नयेत, कारण झोताबरोबर येणाऱ्या तुषारांनी त्यांवर डाग पडतात.

श्रावणात अडचण उलट दिशेने येते. बरणीचे झाकण वारंवार उघडले की कवचे मऊ पडून एकमेकांना चिकटतात आणि साच्यातून सुटी होऊन पडत नाहीत. मीठ असलेली चूर्णे याहून त्रासदायक ठरतात. सैंधव किंवा क्षार असलेले चूर्ण ओल खेचून घेते, आणि बरणी बंद असेल तर ती ओल ते कवचातूनच खेचते. बाहेर पाऊस पडत असतानाही आतील कॅप्सूल कोरडी पडून तडकल्याचे पाहून मला प्रथम आश्चर्य वाटले, पण कारण कळल्यावर ते ओघानेच आले. एचपीएमसीच्या कवचात मुळातच पाणी जेमतेम पाच टक्क्यांच्या आसपास असते आणि ते कमी झाले तरी कवच लवचिक राहते. त्याच वैशाखात, त्याच खोलीत, कूलर न लावता भरलेली एचपीएमसीची कवचे फुटली नाहीत. जादा किमतीचा मोबदला येथे पुरेपूर मिळतो.

जिलेटिनविषयी आणखी एक आक्षेप आहे आणि तो आयुर्वेदाच्या औषधांना विशेष लागू पडतो. हिरडा, बेहडा, अर्जुनसाल, बाभळीची साल यांत टॅनिन भरपूर असते. टॅनिन प्रथिनाला घट्ट धरते आणि त्याला न विरघळणारे बनवते. कातडे कमावण्याची सारी विद्या याच गुणावर उभी आहे, आणि हिरड्याला चामड्याच्या धंद्यात मागणी होती ती त्यासाठीच. जिलेटिन हेही कातड्या-हाडांतील प्रथिनच आहे. हिरड्याचे चूर्ण जिलेटिनच्या कवचात भरून पावसाळ्याच्या दमट हवेत महिनोन्महिने ठेवले, तर कवच आतून कमावले जाण्याची आणि पोटात वेळेवर न उघडण्याची शक्यता राहते. उघडायच्या वेळी न उघडणारी डबी काय कामाची? टॅनिनयुक्त द्रव्ये भरायचीच असतील तर ती एचपीएमसीत भरावीत, आणि जिलेटिनमध्ये भरलीच तर थोडी भरून लगेच संपवावीत.

उघडण्याची परीक्षा घरीही करता येते. माठातील गार पाण्यात जिलेटिनचे कवच टाकले तर ते फुगते, मऊ होते, बुळबुळीत होते, पण बराच वेळ विरघळत नाही. कोमट पाण्यात, म्हणजे शरीराच्या तापमानाच्या पाण्यात, ते काही मिनिटांतच विरघळून जाते. एचपीएमसीला पाण्याच्या तापमानाचा एवढा फरक पडत नाही. यातील व्यावहारिक भाग असा की शेतात उभ्याउभ्या, घोटभर पाण्याने गिळलेली कॅप्सूल अन्ननलिकेत चिकटून बसू शकते, आणि तिखट-तीक्ष्ण चूर्ण तेथेच सुटले तर छातीत आग होते. म्हणून बसून, पेलाभर कोमट पाण्याबरोबर कॅप्सूल घ्यावी, असे मी पुडीच्या कागदावर लिहून देते. काही रोगी घरी जाऊन कॅप्सूल उघडतात, चूर्ण तळहातावर घेऊन खातात आणि रिकामे कवच नातवंडांना खेळायला देतात. त्यांना कॅप्सूल देण्यात अर्थ नाही.

जिलेटिनच्या उगमाचा प्रश्न खेड्यात टाळता येत नाही आणि टाळूही नये. आमच्या भागात गळ्यात तुळशीची माळ असलेली वारकरी घरे बरीच आहेत, महानुभाव पंथाची घरे आहेत, जैन व्यापारी आहेत. दवाखान्यात एका आजीबाईंनी कॅप्सूल बोटांत फिरवून विचारले, “बाई, माह्या गळ्यात माळ हाय. हे टोपण कायचं बनवते वो?” मी खरे ते सांगितले आणि त्यांनी कॅप्सूल परत दिली. औषध देणाऱ्याने कवच कशाचे आहे हे न विचारताच सांगावे असे माझे मत आहे, कारण रोगी आपल्यावरील विश्वासापोटी विचारत नाही आणि त्या विश्वासाचा फायदा घेणे बरे नव्हे. एचपीएमसी वापरू लागल्यापासून हा संकोच राहिलेला नाही. पण येथेही सावध राहावे लागते. सुट्या कवचांच्या पिशवीवर काहीच लिहिलेले नसते आणि डोळ्यांना दोन्ही प्रकार जवळपास सारखेच दिसतात. शंका आली तर एक कवच चिमट्यात धरून जाळावे. जिलेटिनला केस जळाल्यासारखा वास येतो आणि सेल्युलोजला कागद जळाल्यासारखा.

या फळीची विक्री आता वैद्यांपुरती राहिलेली नाही, म्हणून एक गोष्ट थोडी विस्ताराने सांगते. समुद्रपूर तालुक्यातील वायगावच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळाले आहे, आणि त्या हळदीचे नाव पुढे करून फळी व कवचे बचत गटांच्या महिलांना ‘गृहउद्योग’ म्हणून विकण्याचा प्रयत्न काही विक्रेते करीत असतात. हळद दळा, कॅप्सूल भरा, बरणीवर चिठ्ठी लावा आणि विका, असे ते सांगतात. कायदा इतका सोपा नाही. औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा, १९४० अन्वये आयुर्वेदिक औषध विक्रीसाठी तयार करायला उत्पादन परवाना लागतो. वैद्याने स्वतःच्या रोग्यांसाठी औषध तयार करण्याला तेवढी सूट आहे. औषध न म्हणता पूरक आहार म्हणून विकायचे ठरवले तर अन्नसुरक्षा कायद्याचा परवाना आणि त्याचे लेबलचे नियम येतात. माझ्याकडे आलेल्या काही महिलांना विक्रेत्याने यातील एकही गोष्ट सांगितलेली नव्हती. शिवाय हळदीची मात्रा आणि कवचाची जागा यांचा हिशेब मांडला की कॅप्सूलमधील हळदीचा भाव सुट्या हळदीच्या कैकपट होतो, आणि ती हळद गिऱ्हाइकाच्या घरी डब्यात आधीच असते. चांगल्या हळदीचे चूर्ण बंद पाकिटात, गावाच्या नावासह विकणे त्यांना अधिक फायद्याचे आहे, असे मी त्यांना सांगितले.

स्वच्छतेविषयी थोडक्यात. फळी साबणाच्या कोमट पाण्याने धुता येते, पण छिद्रांच्या तळाशी चूर्ण अडकून राहते आणि त्यासाठी बाटली धुण्याचा बारीक ब्रश लागतो. उकळत्या पाण्यात पाट्या घालू नयेत, त्या वाकतात. हळद भरल्यावर प्लास्टिक कायमचे पिवळे होते. फळी उन्हात ठेवल्यास पिवळेपणा बराच उतरतो, पण आमच्या उन्हात ती जास्त वेळ राहिली तर तीही वाकेल. पूर्णपणे वाळल्याशिवाय पुढचे भरण करू नये, कारण छिद्रात राहिलेला एक थेंब नळीच्या बुडाला भोक पाडायला पुरेसा असतो.

घ्यायचे ठरवलेच तर झिरो आकाराची फळी घ्यावी आणि दुकानातच पाट्या एकमेकींवर ठेवून खुंट्यांची उंची पाहावी, कारण घरी आणल्यावर दुकानदार बदलून देत नाही. कवचे एचपीएमसीची, कंपनीने सीलबंद केलेल्या पाकिटातली घ्यावीत आणि त्यावर प्रकार, आकार, बॅच व मुदत छापलेली आहे की नाही ते पाहावे. मोठ्या पोत्यातून काढून किलोवर तोलून दिलेली सुटी कवचे स्वस्त पडतात, पण ती कोणत्या गोदामात, किती उन्हाळे पडून होती ते कळायला मार्ग नसतो. जिलेटिनची घ्यायची असतील तर दिवाळीनंतर घ्यावीत आणि होळीच्या आत संपतील एवढीच घ्यावीत.